साम की दंड : पेशावरचा स्फोट आणि सरहद्दीचा न मिटलेला वाद

पाकिस्तानच्या वायव्येकडील खैबर पख्तुनख्वा प्रांताची राजधानी असलेल्या पेशावर शहरात, पोलीस लाइन्स या कडक पहाऱ्यातील आवाराच्या मशिदीत, सोमवार दि. 30 जानेवारी 2023 रोजी दुपारच्या नमाजासाठी रांगा लागलेल्या असताना एका आत्मघाती हल्लेखोराने स्वतःला उडवून दिले. स्फोटाने भिंत कोसळली, तिच्यामागोमाग मधल्या खांबांचा आधार नसलेले जुने छत खाली आले, आणि प्रत्यक्ष स्फोटापेक्षा ढिगाऱ्याखाली सापडून अधिक माणसे दगावली. मृतांचा आकडा प्रारंभी शंभरावर गेल्याचे सांगण्यात आले, पुढे पडताळणीनंतर पोलिसांनी तो 84 असा निश्चित केला; जखमी दोनशेहून अधिक होते आणि मृतांत बहुसंख्य पोलीस होते. या शहराने त्यापूर्वीही पुष्कळ भोगले होते. 28 ऑक्टोबर 2009 रोजी मीना बाजारात शंभराहून अधिक माणसे मारली गेली, ज्यांत स्त्रिया आणि मुले मोठ्या संख्येने होती. 22 सप्टेंबर 2013 रोजी ऑल सेंट्स चर्चमधून बाहेर पडणाऱ्या भाविकांवर हल्ला झाला. 16 डिसेंबर 2014 रोजी आर्मी पब्लिक स्कूलमध्ये सुमारे 150 जणांची हत्या झाली, त्यांत 130 हून अधिक विद्यार्थी होते. आणि 4 मार्च 2022 रोजी कूचा रिसालदार भागातील शिया मशिदीत साठांहून अधिक नमाजी ठार झाले. तरीही 2023 च्या स्फोटाचे स्थान वेगळे आहे, कारण तो राज्यसंस्थेच्या स्वतःच्या घरात, तिच्या रक्षकांच्या प्रार्थनेच्या वेळी झाला, आणि हल्लेखोर आत शिरला तो पोलिसाचा गणवेश घालून.

हा हल्ला ज्या हिंसेच्या भरतीत झाला तिच्या केंद्रस्थानी तहरीक-ए-तालिबान पाकिस्तान ही संघटना होती. अफगाण सीमेलगतच्या टोळीप्रदेशातील अनेक सशस्त्र गटांनी डिसेंबर 2007 मध्ये बैतुल्ला मेहसूद याच्या नेतृत्वाखाली एकत्र येऊन तिची स्थापना केली. अफगाण तालिबानशी तिचे निष्ठेचे आणि नात्यागोत्याचे संबंध असले तरी संघटना म्हणून ती स्वतंत्र असून तिची लढाई पाकिस्तानी राज्याशी आहे. काबूलमध्ये ऑगस्ट 2021 मध्ये सत्तेवर आलेल्या अफगाण तालिबानच्या मध्यस्थीने इस्लामाबादने तिच्याशी बोलणी केली, मधूनमधून शस्त्रसंधी झाली, आणि 28 नोव्हेंबर 2022 रोजी संघटनेने ती संपल्याचे जाहीर करून देशभर हल्ल्यांचे आदेश दिले. त्यानंतर दोन महिन्यांनी पोलीस लाइन्सची मशीद कोसळली.

प्राचीन भारतीय राज्यशास्त्राने शत्रूशी वागण्याचे साम, दाम, दंड आणि भेद असे चार उपाय सांगितले आहेत. त्यांपैकी साम म्हणजे समजुतीचा आणि तडजोडीचा मार्ग, तर दंड म्हणजे बळाचा. पाकिस्तानातील गेल्या वीस वर्षांचा सार्वजनिक वाद प्रामुख्याने याच दोन टोकांमध्ये फिरत राहिला आहे, आणि दोन्ही बाजूंना प्रामाणिक, अभ्यासू आणि घरचे कोणी गमावलेले समर्थक आहेत. म्हणून पुढील विवेचनात या दोन भूमिकांना दंडपक्ष आणि सामपक्ष अशी नावे देऊन त्या समोरासमोर बोलत्या केल्या आहेत. हे बोलणे कल्पित असले तरी त्यातील युक्तिवाद त्या समाजात प्रत्यक्ष केले जाणारे आहेत. जेथे एखादा युक्तिवाद अपुरा वाटतो तेथे तसे म्हणण्याचा अधिकार मात्र लेखाने राखून ठेवला आहे.

दंडपक्ष : पेशावरचा स्फोट सुटा काढून त्यावर शोक करणे सोपे आहे, पण तो एका मालिकेचा शेवटचा मणी आहे आणि ती मालिका करारांची आहे. एप्रिल 2004 मध्ये दक्षिण वझिरिस्तानातील शकाई येथे लष्कराने नेक मुहम्मद या बंडखोर म्होरक्याशी करार केला, समारंभ झाला, गळ्यांत हार पडले, आणि परदेशी लढवय्यांची नोंदणी करण्याच्या अटीवरून काही आठवड्यांत तो मोडला. फेब्रुवारी 2005 मध्ये सरारोघा येथे बैतुल्ला मेहसूदशी करार झाला. तोच माणूस पुढे तहरीकचा पहिला प्रमुख बनला. सप्टेंबर 2006 मध्ये मीरानशाहचा करार झाला आणि उत्तर वझिरिस्तान बंडखोरांसाठी अधिक सुरक्षित झाले. फेब्रुवारी 2009 मध्ये स्वात खोऱ्यात शरियतचा कायदा लागू करण्याची मागणी मान्य झाली, तेव्हा शांतता येण्याऐवजी एप्रिलमध्ये सशस्त्र टोळ्या शेजारच्या बुनेर जिल्ह्यात, राजधानीपासून शंभर किलोमीटरच्या टप्प्यात येऊन पोहोचल्या. एवढा इतिहास समोर असताना 2021 मध्ये पुन्हा बोलणी करण्यात आली, आणि त्या शस्त्रसंधीच्या आडोशाने 2022 च्या उन्हाळ्यात स्वातमधील मट्टा भागाच्या डोंगरांत बंदूकधारी परत दिसू लागले. सामपक्षाने हे सांगावे की अशा प्रत्येक कराराने विश्रांती नेमकी कोणाला दिली.

सामपक्ष : विश्रांती बंडखोरांना मिळाली, हे मान्य करण्यात कोणताही कमीपणा नाही. परंतु ज्यांना करार म्हटले गेले त्यांची रचना तपासली पाहिजे. शकाई येथे करार करताना टोळीप्रदेशातील परंपरागत मध्यस्थ, म्हणजे ज्यांना मलिक म्हणतात ते वडीलधारे प्रमुख, दुय्यम ठरले आणि राज्य बंदूकधाऱ्याच्या बरोबरीला येऊन बसले. त्या दृश्याचा अर्थ डोंगरातल्या प्रत्येक तरुणाला कळला. पुढील काही वर्षांत शेकडो मलिक वेचून मारले गेले आणि त्यांच्यासाठी कोणी हार आणले नाहीत. 2022 मध्ये काबूलला जी जिरगा, म्हणजे वडीलधाऱ्यांची पंचायत, पाठवण्यात आली तिचे सदस्य सरकारनेच निवडले होते, आणि ज्या गावांत बंदूकधारी परतणार होते त्या गावांना कोणी विचारले नव्हते. याला साम म्हणावयाचे असेल तर तो निष्फळ ठरला यात नवल नाही. दुसरी गोष्ट अशी की राज्याने दीर्घकाळ काही सशस्त्र गटांना शेजारी देशांतील धोरणाचे साधन मानले, म्हणून चांगले तालिबान आणि वाईट तालिबान असा भेद रूढ झाला. ज्या दंडाचा दंडपक्ष पुरस्कार करतो तो दंड कधीही सर्वांवर सारखा पडला नाही.

दंडपक्ष : तो भेद घातक होता, आणि आर्मी पब्लिक स्कूलच्या हत्याकांडानंतर राजकीय नेतृत्वाने एकमुखाने तो संपल्याचे जाहीर केले. त्याआधी जून 2014 मध्ये, कराची विमानतळावरील हल्ल्यानंतर, उत्तर वझिरिस्तानात झर्ब-ए-अज्ब ही लष्करी मोहीम सुरू झाली होती. हत्याकांडानंतर वीस कलमांचा राष्ट्रीय कृती आराखडा आला, जानेवारी 2015 मध्ये एकविसाव्या घटनादुरुस्तीने लष्करी न्यायालये आली, फाशीवरील स्थगिती उठली. यांतील काही उपाय कठोर होते, परंतु त्यानंतरच्या पाच-सहा वर्षांत हल्ले आणि मृत्यू यांचे प्रमाण सातत्याने घटले. आधीच्या दशकात पेशावरमध्ये शाळेत पाठवलेले मूल घरी येईपर्यंत आईचा जीव टांगणीला असे. त्या भीतीला उतार पडला तो बळाच्या वापराने. सामपक्षाच्या तत्त्वचर्चेत या वर्षांचा हिशेब कोठेच येत नाही.

हा आक्षेप वजनदार आहे, आणि त्याला बगल देणारे कोणतेही शांततावादी विवेचन अप्रामाणिक ठरेल. 2015 ते 2020 या काळात वाचलेले जीव ही काही आकडेवारीची सोय नाही. ती माणसे आहेत, आणि ती केवळ सदिच्छेने वाचली नसती. बंदूक घेऊन शाळेत शिरणाऱ्याला रोखण्यासाठी बंदूकच लागते, एवढे मान्य केल्याखेरीज या प्रश्नावर बोलण्याचा अधिकार कोणालाही मिळत नाही. प्रश्न त्यापुढचा आहे: ती शांतता टिकली का नाही, आणि तिची किंमत कोणाकडून वसूल झाली.

सामपक्ष : किंमत वझिरिस्तानच्या आणि स्वातच्या घरांकडून वसूल झाली. 2009 च्या स्वात मोहिमेत वीस लाखांहून अधिक लोक विस्थापित झाले, 2014 च्या मोहिमेत उत्तर वझिरिस्तानातून सुमारे दहा लाख; कित्येक कुटुंबांनी बन्नूच्या तळपत्या उन्हात तंबूंमध्ये वर्षे काढली, आणि परतल्यावर मीरानशाहचा बाजार जमीनदोस्त झालेला पाहिला. म्होरके मात्र मोहिमेआधीच ड्युरँड रेषा ओलांडून, म्हणजे 1893 मध्ये ब्रिटिशांनी आखलेली अफगाण सीमा ओलांडून, पलीकडे निघून गेले होते. बळाने त्यांना नष्ट केले नाही, त्यांचे स्थलांतर केले. आणि काबूलमधील सत्ता 2021 मध्ये बदलताच ते परत आले. ज्या शांततेचा आधार शेजारच्या देशातील परदेशी सैन्य होते, तिला विजय म्हणणे घाईचे होते.

दंडपक्ष : पलीकडे आश्रय आहे म्हणून अलीकडे ढिलाई करावी, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. उलट काबूलचे नवे राज्यकर्ते आपल्या जुन्या सोबत्यांना आवरण्यास तयार नाहीत हे पेशावरच्या स्फोटानंतर उघड झाले. त्यांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी, अमीर खान मुत्तकी यांनी, पाकिस्तानने दोष इतरांवर ढकलू नये आणि कारणे स्वतःच्या घरात शोधावीत अशा आशयाचे उत्तर दिले. आणि बोलणी करावयाची तर कोणाशी? स्फोटाची जबाबदारी प्रथम तहरीकशी संलग्न असलेल्या जमात-उल-अहरार या गटाच्या एका म्होरक्याने घेतली, ऑगस्ट 2022 मध्ये अफगाणिस्तानात मारल्या गेलेल्या उमर खालिद खुरासानी याचा तो सूड असल्याचे सांगितले; काही तासांनी तहरीकच्या प्रवक्त्याने, मशिदी हे आपले लक्ष्य नसतात असे म्हणत, हात झटकले. ज्या संघटनेला आपल्याच लोकांची जबाबदारी घेता येत नाही तिच्या सहीची किंमत काय?

येथे दंडपक्षाचा मुद्दा निर्णायक आहे असे म्हणावे लागते. तहरीक हा एकसंध पक्ष नसून गटांचा महासंघ आहे. त्यातील कडवे गट कोणत्याही तडजोडीला घातपाताने उत्तर देऊ शकतात, आणि केंद्रीय नेतृत्व सोयीनुसार श्रेय घेते किंवा नाकारते. नमाज पढणाऱ्यांना मारणे मुस्लिम समाजमनाला सहन होणारे नाही हे त्या प्रवक्त्याला ठाऊक होते, म्हणून नकार आला. त्या नकारात पश्चात्ताप शोधणे व्यर्थ आहे.

परंतु या वादात दोन्ही पक्ष ज्या ठिकाणाकडे अपुऱ्या लक्षाने पाहतात ते ठिकाण म्हणजे पोलीस लाइन्सचे प्रवेशद्वार. प्रांताचे पोलीस महानिरीक्षक मोअज्जम जाह अन्सारी यांनी स्फोटानंतर दिलेल्या माहितीनुसार हल्लेखोर पोलिसाच्या गणवेशात, तोंडावर मुखपट्टी आणि डोक्यावर हेल्मेट घालून मोटारसायकलसह आला, आणि पहाऱ्यावरच्या शिपायांनी तो आपल्यातलाच आहे असे समजून त्याची झडती घेतली नाही. शिपायाने शिपायावर विश्वास ठेवला, ही चूक मानवी आहे. पण त्या चुकीमागे वर्षानुवर्षांची हेळसांड उभी आहे. स्फोटाच्या सुमारे दोन आठवडे आधी पेशावरच्या हद्दीवरील सरबंद पोलीस ठाण्यावर रात्री हल्ला होऊन एक पोलीस उपअधीक्षक आणि त्यांचे दोन रक्षक मारले गेले होते. हल्लेखोरांकडे अंधारात पाहता येणाऱ्या दुर्बिणी होत्या, जी साधने 2021 नंतर अफगाणिस्तानातून या भागात मोठ्या प्रमाणावर पसरली. ठाण्यातील शिपायांकडे तसे काही नव्हते. महाराष्ट्रातील वाचकाला हे असमान युद्ध परके वाटू नये, कारण 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांच्या हातात लाठी होती आणि समोर स्वयंचलित रायफल होती, आणि त्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीपुढे पोलिसांची तयारी आणि साधने हाच प्रश्न आला होता.

खैबर पख्तुनख्वाच्या पोलिसांनी दिलेली किंमत मोजताना केवळ सामान्य शिपाई नव्हे तर वरिष्ठ अधिकारीही समोर येतात. पेशावरचे पोलीसप्रमुख मलिक साद जानेवारी 2007 मध्ये मोहरमच्या बंदोबस्तात असताना आत्मघाती हल्ल्यात मारले गेले. फ्रंटियर कॉन्स्टॅब्युलरी या निमलष्करी दलाचे प्रमुख सिफवत गयूर यांना ऑगस्ट 2010 मध्ये याच शहराच्या रस्त्यावर मृत्यू आला. स्वातमध्ये 2008-09 च्या काळात अशी वेळ आली होती की आपण नोकरी सोडली असल्याच्या जाहिराती पोलिसांना वृत्तपत्रांत द्याव्या लागत, म्हणजे निदान कुटुंब वाचेल. अशा दलातील शिपाई 1 फेब्रुवारी 2023 रोजी पेशावरमध्ये गणवेशात रस्त्यावर उतरले, ही पाकिस्तानच्या इतिहासातील अपवादात्मक घटना होती. अज्ञात म्हणवले जाणारे लोक आपल्याला ज्ञात आहेत, अशा आशयाची घोषणा त्यांनी दिली. पाकिस्तानात अज्ञात व्यक्ती हा शब्दप्रयोग अनेकदा गुप्तचर यंत्रणांकडे बोट दाखवण्यासाठी होतो, तेव्हा या घोषणेत बंडखोरांवरील संतापाइतकाच आपल्या राज्यावरील अविश्वास होता. तो अविश्वास प्रत्येक तपशिलात खरा होता असे नव्हे. पुढे नोव्हेंबर 2024 मध्ये हल्लेखोराला मदत केल्याच्या आरोपावरून पोलिसांनी आपल्याच दलातील एका शिपायाला अटक केली. पण ज्या दलाला आपल्या वरिष्ठ यंत्रणांचा भरवसा वाटत नाही, त्या दलाच्या जोरावर कोणतेही धोरण, मग ते सामाचे असो वा दंडाचे, उभे राहू शकत नाही.

दंडपक्ष : हा तर दंडपक्षाच्याच बाजूचा पुरावा झाला. पोलीस दुबळे आहेत, म्हणून लष्कर हवे.

सामपक्ष : पोलीस दुबळे राहिले कारण लष्कर कायमचे उपलब्ध होते. प्रत्येक संकटात मोहीम, मोहिमेनंतर छावणी, छावणीसोबत तपासणी नाके, नाक्यांवर स्थानिकांचा अपमान, आणि या सर्वांच्या सावलीत ठाणे, न्यायालय व तहसील कचेरी यांची वाढ खुंटलेली. टोळीप्रदेशात हे शतकभर चालले.

या शेवटच्या वाक्यापाशी थांबून मागे पाहणे आवश्यक आहे, कारण वादाचे मूळ येथे आहे. ब्रिटिशांनी 1901 मध्ये सरहद्दीवर फ्रंटियर क्राइम्स रेग्युलेशन नावाचा कायदा लागू केला, ज्यानुसार एका माणसाच्या अपराधाबद्दल त्याच्या संपूर्ण टोळीला शिक्षा करता येई, घरे पाडता येत, आणि आरोपीला वकील किंवा वरच्या न्यायालयात दाद मागण्याचा हक्क नसे. पाकिस्तानच्या स्थापनेनंतरही हा कायदा केंद्रशासित टोळीप्रदेशात, ज्याला फाटा या संक्षेपाने ओळखले जाई, सत्तर वर्षे टिकला. मे 2018 मध्ये पंचविसाव्या घटनादुरुस्तीने हा प्रदेश खैबर पख्तुनख्वात विलीन झाला आणि तेथील लोकांना प्रथमच इतर नागरिकांसारखे न्यायालयीन हक्क मिळण्याचा मार्ग खुला झाला. मात्र विकासासाठी राष्ट्रीय महसुलाचा तीन टक्के हिस्सा देण्याचे जे आश्वासन होते ते इतर प्रांतांनी आपला वाटा सोडण्यास नकार दिल्याने प्रत्यक्षात आले नाही. खासादार, म्हणजे टोळ्यांतून नेमलेले पारंपरिक पहारेकरी, आणि लेव्ही दलाचे जवान मिळून पंचवीस हजारांहून अधिक माणसे पोलीस दलात सामावून घेतली गेली, पण त्यांचे प्रशिक्षण आणि साधने त्या वेगाने आली नाहीत. आणि तहरीकची बोलण्यांतील ठाम मागणी कोणती होती? हे विलीनीकरण रद्द करावे, ही. बंदूकधाऱ्यांना कशाची भीती वाटते ते या मागणीतून जितके स्पष्ट होते तितके ते कोणत्याही गुप्तचर अहवालातून होणार नाही: तहसील, ठाणे, न्यायाधीश आणि मतपेटी यांची.

सामपक्ष : तेवढ्यापुरती दंडपक्षाशी सहमती आहे. विलीनीकरण ही देवघेवीची वस्तू नाही. बोलणी व्हावीत ती लोकांशी, आणि ती कधी झालीच नाहीत.

दंडपक्ष : लोकांशी बोलून स्फोट थांबतात का? ज्याने अंगावर दहा-बारा किलो स्फोटके बांधली आहेत त्याला लोकांची सभा भरवून परत फिरवता येत नाही.

सामपक्ष : त्याला नाही. पण त्याला रात्रभर आसरा देणारे घर, त्याला शहरात घेऊन येणारी वाट आणि त्याच्याकडे पाहूनही गप्प राहणारा शेजारी, यांना फिरवता येते. आणि त्यांना फिरवण्याचे काम रणगाडा करू शकत नाही.

पश्तून समाज स्वभावतःच हिंसक आहे, त्याला एक तर दाबावे किंवा त्याच्या बंदूकधाऱ्यांशी सौदा करावा, असा एक समज या साऱ्या धोरणांच्या तळाशी वसाहतकाळापासून साचलेला आहे. पेशावरचा इतिहास त्याच्या विरुद्ध साक्ष देतो. 23 एप्रिल 1930 रोजी याच शहराच्या किस्साख्वानी बाजारात ब्रिटिश सैन्याने निःशस्त्र निदर्शकांवर, ज्यांत खान अब्दुल गफार खान यांच्या खुदाई खिदमतगार या अहिंसक संघटनेचे लोक होते, गोळीबार केला. चंद्रसिंह गढवाली आणि त्यांच्या सहकारी सैनिकांनी लोकांवर गोळ्या झाडण्यास नकार दिला, आणि काही दिवस शहर ब्रिटिशांच्या हातून निसटले. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांतच सोलापूरही ब्रिटिशांच्या हातून निसटून तेथे लष्करी कायदा पुकारला गेला, हा योगायोग मराठी वाचकाने लक्षात ठेवण्याजोगा आहे. पुढे 1934 मध्ये तुरुंगातून सुटल्यावर खान अब्दुल गफार खान यांना सरहद्द प्रांतात प्रवेशबंदी असल्याने ते वर्ध्यात गांधीजींच्या सहवासात राहिले, आणि मुंबईत केलेल्या भाषणाबद्दल त्यांना वर्ध्यातच अटक झाली. ज्या समाजाने शस्त्र खाली ठेवून साम्राज्याशी झुंज घेतली, त्याच्याविषयी तो केवळ बळाचीच भाषा जाणतो असे म्हणणे हे अज्ञान आहे, आणि ते राज्यकर्त्यांच्या सोयीचे अज्ञान आहे.

ती परंपरा संपलेली नाही. 10 ऑक्टोबर 2022 रोजी स्वातमध्ये शाळेच्या गाडीवर गोळीबार होऊन चालक ठार झाला, तेव्हा हजारो लोक मिंगोराच्या चौकात उतरले. त्यांचे म्हणणे दोन्ही पक्षांना अडचणीचे होते: तालिबान परत नको, आणि पुन्हा घरे सोडायला लावणारी मोहीमही नको, आपला कर घेणाऱ्या राज्याने आपले रक्षण त्याच्या नेहमीच्या, कायद्याने बांधलेल्या यंत्रणेकडून करावे. पश्तून तहफ्फुज मूव्हमेंट, म्हणजे पश्तूनांच्या संरक्षणाची चळवळ, 2018 पासून हीच मागणी बेपत्ता व्यक्तींच्या आणि भूसुरुंगांच्या प्रश्नांसह मांडत होती. ऑक्टोबर 2024 मध्ये सरकारने तिच्यावरच बंदी घातली. शस्त्र हाती न घेणाऱ्यांवर बंदी आणि शस्त्रधाऱ्यांशी कधी मोहीम तर कधी मेजवानी, या क्रमाने कोणत्याही राज्याला शांतता मिळालेली नाही.

म्हणून साम की दंड हा प्रश्न ज्या रूपात पाकिस्तानात विचारला जातो त्या रूपात तो चुकीचा आहे, असा या विवेचनाचा निर्णय आहे. मोहिमा रावळपिंडीच्या लष्करी मुख्यालयात ठरल्या आणि करारही तेथेच ठरले; ज्यांच्या गावांत त्या मोहिमा चालल्या आणि ज्यांच्या डोंगरांत त्या करारांनी बंदूकधारी परत आणले, त्यांच्या निवडून दिलेल्या सभागृहाला फार तर बंद दाराआड माहिती देण्यात आली. पेशावरचा स्फोट झाला त्या दिवशी तर प्रांतात विधानसभाच अस्तित्वात नव्हती, काळजीवाहू सरकार होते, कारण बारा दिवसांपूर्वी राजकीय डावपेचाचा भाग म्हणून ती विसर्जित झाली होती. बळ वापरावेच लागेल, परंतु ते प्रशिक्षित, सुसज्ज आणि न्यायालयाला उत्तरदायी असलेल्या पोलिसांचे असावे, आणि लष्कर सीमेवर असावे. बोलणी करावीच लागतील, परंतु ती गावाच्या जिरगेशी, निवडून आलेल्या सदस्यांशी आणि शस्त्र न उचललेल्या तरुणांशी उघडपणे व्हावीत. हे काम हळूहळू होणारे आहे आणि त्याच्या शेवटी कोणाच्या गळ्यात हार पडणार नाहीत.

सप्टेंबर 2024 मध्ये पेशावरच्या दक्षिणेकडील लक्की मरवत जिल्ह्यातील पोलिसांनी, लागोपाठ सहकारी मारले गेल्यानंतर, सिंधू महामार्ग काही दिवस रोखून धरला. लष्कर आणि गुप्तचर यंत्रणांनी जिल्ह्यातून बाहेर पडावे, पोलिसांना पूर्ण अधिकार आणि साधने द्यावीत, मग बंदोबस्त कसा करायचा ते पोलीस पाहतील, अशी त्यांची मागणी होती. स्थानिक वडीलधारे त्यांच्या शेजारी रस्त्यावर बसले होते. त्या महामार्गावरील मागणी पाकिस्तानच्या संसदेने विषयपत्रिकेवर घ्यावी आणि तिच्यावर उघड चर्चा करावी, एवढे तरी पोलीस लाइन्सच्या 84 मृतांचे त्या राज्यावर देणे आहे.